जादा उचल रुपये एक फक्त

बँक ही संस्था माणसाच्या अडीनडीला उपयोगी पडावी म्हणून जन्माला आली, हे आता सर्वमान्य आहे. ज्याच्यापाशी अडचण नसेल त्याला ती बँकेनंच पुरवावी, ही त्यापुढची पायरी. ती रहिमतपुरात १९७४ सालच्या मे महिन्यात आली, आणि तिचा पहिला मान अंजना नाथाजी या एकोणीस वर्षांच्या मुलीला मिळाला.

अंजना बालवाडीत शिकवायची. पगार महिना चाळीस रुपये, रोख. मे महिन्यात पोरं घरी बसत, म्हणून पगारही घरी बसे. (अंजनाच्या नव्हे, बालवाडी चालवणाऱ्या मंडळाच्या.) वडील नाथाजी पलटणीतून हवालदार म्हणून परत आलेले; शिक्का असलेला कागद दिसला की त्यांची पाठ आपोआप ताठ होई. आई शालूबाई शिक्का नसलेल्या गोष्टी बघायची, म्हणजे बाकी सगळं.

आता एवढ्याशा पोरीचं बँकेत खातं कसं, तर त्यालाही कारण होतं. बँका सरकारच्या झाल्यावर वरून फर्मान सुटलं की तळागाळातल्या माणसाचं खातं उघडा. शाखेचे मॅनेजर लालासाहेब हा मायाळू माणूस. त्यांनी बाजाराच्या दिवशी खाती उघडली, पिठाच्या गिरणीत रांगेतल्या बायकांची उघडली, एक खातं तर मयताचंही उघडलं (नंतर दुरुस्त केलं). शाखेत मॅनेजर एक, कारकून-कम-कॅशियर एक, शिपाई मंजूर पण भरलेला नाही, पंखा मंजूर पण भरलेला नाही, आणि खाती सोळाशे तीस. त्यांतलं एक अंजनाचं.

तिनं दरमहा पाच टाकून साठ रुपये जमवले. त्यांतल्या पन्नासांचा ड्राफ्ट काढून सांगलीच्या नर्सिंगच्या शाळेत फी भरली आणि तिची निवड झाली. पत्र आलं. एक जुलै, सोमवार, सकाळी दहा वाजता हजर राहावे. विद्यावेतन दरमहा साठ रुपये, याच बँकेच्या सांगली शाखेत जमा होईल. सबब उमेदवाराने आपले खाते तिकडे वर्ग करून घ्यावे व पासबुक, तसेच येणेबाकी नसल्याचा दाखला सोबत आणावा. न आणल्यास जागा प्रतीक्षायादीवरील पुढील उमेदवारास देण्यात येईल.

शालूबाईंच्या प्रतीक्षायादीवरही एक उमेदवार होता. मेढ्याकडचा. डोंगरात भातशेती, घरात दोन म्हशी, मुलगा शांत. "सांगलीला जमलं तर जा बाई," त्या म्हणाल्या होत्या, "न्हाई जमलं तर दिवाळी झाल्या झाल्या मेढा." दोन्ही ठिकाणी सेवाच करायची होती. फरक एवढाच की सांगलीत साठ रुपये मिळणार होते आणि तीन वर्षांनी सुटका होणार होती.

खात्यात उरले दहा रुपये. आणि मैत्रिणीचं, मुक्ताचं लग्न निघालं.

आपल्याकडं आहेर नुसता देत नाहीत, तो लाउडस्पीकरवर पुकारतात. त्यामुळं देणाऱ्याला देण्याचं समाधान मिळतं आणि बाकीच्यांना मोजण्याचं. रहिमतपूर पंचक्रोशीत पुकारण्याचं काम गुंडा तात्यांकडं असे. एका हाताला माइक, दुसऱ्या हाताला वही लिहिणारा, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या माणसालाही आपल्या पाहुण्यांची लायकी कळावी. अंजनाजवळ ड्राफ्टाच्या वेळी मिळालेलं कोरं चेकबुक होतं. मैत्रिणीला चेकनं आहेर द्यावा, अशी हौस तिला आली. (तरुणपणी माणसाला अशा हौशी येतात. चाळिशीनंतर त्यांचे हप्ते येतात.)

तिनं मांडवात जाऊन तात्यांच्या कानात सांगितलं, "तात्या, धा रुपयं. चेकनं."

तात्या तीस वर्षं आहेर पुकारत होते. दहा हा आकडा त्यांच्या जिभेला माहीतच नव्हता. शून्यावर थांबलेली रक्कम दहाव्याला देतात. लग्नात वर एक रुपया लागतो, हे त्यांच्या रक्तात होतं. त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"कुमारी अंजना नाथाजी हवालदार यांच्याकडनं, अकरा रुपये! चेकनं!"

 चेकनं आहेर रहिमतपुरात तोवर झाला नव्हता. बायकांनी माना वळवल्या. एक म्हातारी म्हणाली, "चेक म्हंजी काय गं? कापड का भांडं?"

"तात्या," अंजना पुटपुटली, "मी धा म्हणलं हुतं."

"तू म्हणशील गं. वहीत कसं लिवायचं? पोरीचा संसार शून्यावं उभा करू व्हय?"

आता पुकारलेला आकडा परत घेता येत नाही. घेतला तर माणूस आयुष्यातून उठतो. अंजनानं तिथंच, नवरीच्या पाटाशेजारी बसून चेक लिहिला. अकरा रुपये फक्त.

याच मांडवात पंगतीला लालासाहेब होते. त्यांनी तो आकडा ऐकला, जिलेबीचा तुकडा मोडता मोडता मान डोलावली आणि मनात म्हटलं, काय ही शाखेची प्रगती! मंगळवारी मुक्ताचे वडील नानासो चेक घेऊन आले, तेव्हा कारकून कृष्णातनं खातेवही उघडली आणि मॅनेजरसाहेबांकडं गेला.

"सायेब, खात्यात धाच हायत. परत धाडू का?"

"अरं, आहेराचा चेक परत? लग्नाला दोन दिस झाल्यात! पोरगी सासरी पोचली न्हाई तोवर तिचा आहेर परत येतोय म्हंजी काय? लोक काय म्हणतील? दे, दे. एक रुपया आपन घालू."

"आपन म्हंजी तुमी का बँक?"

लालासाहेबांनी थोडा विचार केला. स्वतःच्या खिशातला रुपया बँकेच्या व्यवहारात घालणं नियमाला धरून नव्हतं. ते नियमाचे पक्के होते. "बँक," ते म्हणाले.

अशा रीतीनं केवळ मायेपोटी अंजनाच्या नावावर एक रुपयाची जादा उचल मंजूर झाली. इंग्रजीत तिला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. इंग्रजीत तिच्यामागून काय येतं हे तेव्हा रहिमतपुरात कुणाला माहीत नव्हतं.

पत्र आलं ते एक जूनला. बँक बालवाडीच्या समोर. कृष्णातनं खिडकीतून हाक मारली असती तरी भागलं असतं. पण हाकेचा जावक क्रमांक नसतो. म्हणून पत्र आधी साताऱ्याच्या कार्यालयात गेलं, तिथून टपालानं रहिमतपूरला आलं. मध्ये रेल्वेचा संप असल्यानं त्याला पंधरा दिवस लागले, आणि त्या पंधरा दिवसांचं व्याज पत्रात आधीच धरलेलं होतं. (याला दूरदृष्टी म्हणतात.) पत्रात म्हटलं होतं:

मूळ जादा उचल, रु. १.००
जादा उचल दिल्याबद्दल सेवाशुल्क, २.००
खात्यातील किमान शिल्लक मोडल्याबद्दल, १.००
हे पत्र लिहिल्याबद्दल, २.००
ते पाठवल्याबद्दल, ०.२५
व्याज, ०.०१
आकडा सुटसुटीत व्हावा म्हणून, ०.०४
एकूण, ६.३०

नाथाजींनी पत्र उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी घालून म्हणाले, "आर्डर क्लियर हाय. उद्या जायाचं, रक्कम भरायची, पावती घ्यायची. डिसमिस."

"उद्या ऐतवार हाय, आण्णा."

"मग परवा डिसमिस."

सोमवारी अंजना सात रुपये घेऊन खिडकीशी गेली. कृष्णात तिच्याच आळीचा, लहानपणी तिच्यासोबत चिंचा पाडलेला. त्यानं नोटांकडं बघितलंसुद्धा नाही.

"आंजे, ह्ये मला घेता यायचं न्हाई."

"का? फाटकं हायत?"

"नोटा झ्याक हायत. पन तुजं खातं आता बचत राह्यलं न्हाई. बचतीत पैसं असत्यात. तुज्या खात्यात पैसं न्हाईत, तवा ते कर्ज झालं. बचतीची चिठ्ठी पांढरी असती, कर्जाची लाल."

"मग दे की लाल."

"लाल सपल्यात. साताऱ्याला लिवलंय."

"अरं पन माजं व्याज चढतंय न्हवं?"

"त्येला चिठ्ठी लागत न्हाई," कृष्णात प्रामाणिकपणे म्हणाला. "त्ये आपआपलं चढतं."

लाल चिठ्ठ्या तेरा जूनला आल्या. त्याच टपालानं दुसरं पत्रही आलं: पहिल्या पत्रातील रक्कम मुदतीत न भरल्याबद्दल एक रुपया, हे सांगणाऱ्या पत्राबद्दल दोन, टपाल, व्याज आणि सुटसुटीतपणा धरून आणखी तीन रुपये तीस पैसे. एकूण नऊ साठ. अंजनानं सात भरले. उरले दोन साठ. पण सगळी रक्कम एकदम न भरल्यामुळं 'अंशतः भरणा नोंद शुल्क' दीड रुपया लागला. म्हणजे चार दहा.

"सात रुपयं भरलं," अंजना म्हणाली, "तर निदान त्यो मूळचा एक रुपया तरी फिटला असंल?"

"न्हाई. आदी पत्रं, मग टपाल, मग दंड, मग व्याज. मुद्दल सगळ्यात शेवटी. त्याला कुनी हात लावत न्हाई." कृष्णातच्या आवाजात आदर होता. "तुजा रुपया हाय तसा हाय बघ. अगदी पयल्या दिवसासारखा."

माणूस म्हातारा होतो, घर जुनं होतं, हवालदाराचं नाव पलटण विसरते; पण कर्जाचं मुद्दल चिरतरुण राहतं. बँकशास्त्रातला हा एकच भाग असा आहे की जो बघून डोळ्यांत पाणी येतं.

इकडं गावात बातमी पसरली की हवालदाराच्या पोरीला बँकेनं ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, दिली. ओडी तोवर दोघांनाच होती: एक उसाचा वाहतूक कंत्राटदार आणि एक गुळाचा व्यापारी. तिसरी अंजना. लोक वाटेत थांबून नमस्कार करू लागले. दळण टाकायला गेली तर गिरणीवाला म्हणाला, "बसा बाई, खुर्ची हाय." मेढ्याहून निरोप आला की दिवाळीपर्यंत थांबायचं कारण नाही, आषाढाच्या आत सुपारी फोडू. ओडीवाली सून त्या खोऱ्यात कुणाच्याच घरात नव्हती. शालूबाईंनी निरोप्याला चहा दिला, वर बशीभर पोहे दिले.

"आये, मी सांगलीला चाललीय," अंजना म्हणाली.

"जा की. मी कुटं न्हाई म्हंते? दाखला घे आनि जा."

दाखल्याची गोष्ट निघाली आणि साताऱ्याहून लालासाहेबांना विचारणा आली. वरिष्ठांच्या बारीक नजरेनं एक उणीव हेरली होती: अर्ज नसताना, जामीनदार नसताना, तारण नसताना ही जादा उचल दिलीच कशी? तरी पूर्वलक्षी अर्ज घेऊन प्रकरण नियमित करावे. (पूर्वलक्षी म्हणजे मागं बघून केलेला. पुढं बघून असे अर्ज कुणी करत नाही.)

अर्ज आठ पानी. दोन जामीनदार हवेत. पहिले नाथाजी. ते लग्नसमारंभाचा खाकी कोट घालून, छातीवर तिन्ही बिल्ले लावून शाखेत गेले आणि आपल्या मुलीच्या एक रुपयासाठी आपली दीड एकर जमीन, घर आणि पेन्शन यांसह जबाबदार असल्याची सही केली. सही करून सॅल्यूट ठोकला. लालासाहेबांना उठून उभं राहावं लागलं. दुसरे जामीनदार नानासो. चेक त्यांनीच वठवला होता, त्यामुळं नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

पान पाच: कर्जाचा उद्देश. पुढं छापलं होतं: शेती, विहीर, इंजिन, दुभती जनावरे, लघुउद्योग, इतर. अंजनानं 'इतर'वर खूण करून 'आहेर' लिहिलं. पान सहा: सदर कर्जातून निर्माण झालेली मालमत्ता. इथं ती अडली. मग आठवलं. मुक्तानं त्या अकरा रुपयांची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कळशी घेतली होती. तिनं सरळपणे लिहिलं, 'कळशी, जर्मनची, एक'.

तरुण माणसानं सरकारी अर्जात खरं लिहू नये, हे शाळेत शिकवत नाहीत.

एकवीस जूनला साताऱ्याहून निरीक्षक बिराप्पा मालमत्ता पाहायला आले. मुक्ताचं सासर शेजारच्याच गावात. बिराप्पांनी कळशी उन्हात धरून पाहिली, वाजवून पाहिली, टेपनं मापली. किंमत अकरा रुपये. त्यात बँकेची गुंतवणूक एक रुपया. सबब कळशीचा अकरावा हिस्सा बँकेकडं तारण. ट्रॅक्टरवर लिहितात तसं त्यावर लिहिणं भाग होतं. सोबत पेंटर आणला होता. त्यानं कळशीच्या पोटावर आखून घेतलं आणि नेमक्या अकराव्या हिश्श्यावर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलं, 'बँकेकडे तारणगहाण'.

मुक्ताची सासू साळूबाई कमरेवर हात ठेवून हे बघत होती. "आवं सायेब, ह्येनं पानी भरायचं का न्हाई?"

"भरा की. मना नाही."

"मग त्यातलं बँकेचं पानी किती?"

बिराप्पांनी नियमांची वही चाळली. पाण्याबद्दल काही सापडलं नाही; पण मालमत्तेपासून होणारं उत्पन्न नोंदवण्याचा रकाना होता. त्यांनी विचारलं, "दिवसाला खेपा किती?"

"सा."

'उत्पन्न: पाणी, दैनिक सहा खेपा,' बिराप्पांनी लिहिलं.

"लिवा," साळूबाई म्हणाली, "आनि ह्येबी लिवा, सातवी खेप मी बँकेच्या दारात आनून वतीन. पुसून घ्या म्हनावं."

मुक्ता आत तोंडाला पदर लावून हसत होती. पुढं पाणवठ्यावर ती कळशी सगळ्यांत आधी भरून मिळायची. बँकेच्या मालाला थांबवायचं धाडस कुणाला होईना.

निरीक्षण शुल्क दहा रुपये, प्रवासभत्ता चार वीस, रंग दोन पंचाहत्तर, ब्रश सव्वा, पेंटरची मजुरी तीन. तारण नोंदवहीचे पाच. हे सगळं कळवणारं तिसरं पत्र सव्वादोन. सुटसुटीतपणा पाच पैसे. आधीचे चार दहा धरून बत्तीस रुपये साठ पैसे. त्याच्या पोटात तो एक रुपया, आईच्या पोटात लेकरू असावं तसा सुखरूप.

सव्वीस जूनला नाथाजी पेन्शन घेऊन शाखेत उभे राहिले. पेन्शन अडतीस रुपये. ती टेबलावर ठेवून म्हणाले, "बत्तीस साठ. मोजून घ्या. पोरीला दाखला द्या. एक तारखेला ती हजर न्हाई झाली तर डेझर्टर ठरंल."

लालासाहेबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "हवालदार, मला का कळत न्हाई? पन घेता येत न्हाई. प्रकरण साताऱ्यात इचाराधीन हाय. ज्ये कर्ज अजून मंजूर झालं न्हाई, त्ये फेडून कसं घ्यायचं? आदी मंजूर हू द्या."

"कवा हुतंय?"

"कमिटीची बैठक सतरा जुलै."

"आनि माफ करायचं म्हणलं तर?"

"पाश्शेच्या आतलं माफ करायचा अधिकार कुनालाच न्हाई. पाश्शेच्या वर असतं तर साताऱ्याचं मोठं सायेब एका सहीवर करत्यात. त्या गुळाच्या व्यापाऱ्याचं गेल्या वर्षी केलं. हित्तंच बसून चा पिला बिचारा."

 नाथाजींनी पेन्शन उचलली, टोपी घातली आणि बाहेर पडले. पायऱ्यांवर मात्र ते जरा वेळ उभे राहिले. हुकूम चुकीचा असू शकतो, हा विचार त्यांना सतरा वर्षांच्या नोकरीत शिवला नव्हता. आता शिवला, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. घरी येऊन ते अंजनाला एवढंच म्हणाले, "मेढ्याचा मुलगा शांत हाय म्हनं."

अंजना गुरुवारी सकाळी बँकेच्या बाकड्यावर जाऊन बसली. तक्रार करायला नाही. तिला करण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही, म्हणून. बाकडं भिंतीला, समोर कृष्णात, वर मंजूर पंख्याचा हुक. वाचायला काही नव्हतं. नोटीसबोर्डावरचं 'आपले सेवेत सदैव' तिनं चार वेळा वाचलं. मग पिशवीतून पासबुक काढून वाचू लागली. पासबुक वाचणारा माणूस शाखेत पहिल्यांदाच दिसल्यामुळं कृष्णात पेन खाली ठेवून बघत राहिला.

"कृष्णातदादा, ह्ये काय?"

"कुटलं?"

"एकतीस डिसेंबर. किरकोळ. दोन पैसं."

"त्ये किरकोळ."

"व्हय, पन कशाचं?"

"कशाचं न्हाई. किरकोळचंच. दर सहामाहीला समद्यांचं कापतो. वरनं आलंय तसं."

"समद्यांचं? सोळाशे तीस जनांचं?"

"समद्यांचं. आजवर कुनी इचारलं न्हाई. तूच पयली."

अंजनानं बोटांवर हिशेब केला. मग पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर केला. सोळाशे तीस गुणिले दोन पैसे. उत्तर आलं तसं तिनं पुन्हा एकदा केलं. मग उठून सरळ लालासाहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"सायेब, ह्या किरकोळचा नेम काय हाय?"

लालासाहेबांनी कपाटातून परिपत्रकांचा गठ्ठा काढला, धूळ झटकली. सापडलं. 'किरकोळ' या सदराखाली दर सहामाहीस प्रत्येक खात्यातून पाच पैशांपर्यंत रक्कम वजा करावी. तपशील देण्याची आवश्यकता नाही. शाखेकडील कोणत्याही लहान, जुन्या अगर अडचणीच्या नोंदी या सदरातून मिटवाव्यात. मंजुरी लागत नाही. कमिटी लागत नाही. चिठ्ठीचा रंग दिलेला नाही.

"आमच्याकडं दोनच पैसं कापायची पद्धत हाय," लालासाहेब हळू आवाजात म्हणाले. "गरीब गाव हाय आपलं. म्हंजी अजून दोन कापलं तर..."

"बत्तीस साठ," अंजना म्हणाली.

लालासाहेबांनी परिपत्रकाचा कोपरा दुमडून खूण केली. मग अंजनाच पडेल आवाजात म्हणाली, "पन सायेब, लोकांचं पैसं हायत ते."

"लोकांनी इचारलं तर सांगू की."

"आनि न्हाई इचारलं तर?"

"तर मग सांगायचं कुनाला?"

तिला हे उत्तर आवडलं नाही. खिडकीतून बाजाराची गडबड दिसत होती. भाजीवाल्या भामाबाई पाट्या मांडत होत्या; त्यांचंही खातं होतं, त्यांनाही ते माहीत नव्हतं. दोन पैशांत त्या काळी कोथिंबिरीच्या चार काड्याही येत नसत. अंजनानं दोन पैसे डोळ्यांसमोर आणून बघितले, मग मेढा आणून बघितला, मग दोन म्हशी आणि शांत मुलगा. आणि ती म्हणाली, "माज्या खात्यातनंबी कापा मग. मला सोडू नगा."

"तुजं सोडून कसं चालंल? हिशेब सोळाशे तिसांचा हाय," कृष्णात म्हणाला.

शनिवारी एकोणतीस जूनला सहामाहीची हिशेबबंदी झाली. अंजना पाच रुपये चार पैसे घेऊन आली होती: पाच किमान शिल्लक मोडू नये म्हणून, चार पैसे किमान शिल्लक पुन्हा मोडू नये म्हणून. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी लालासाहेबांनी खातं सांगलीला वर्ग केलं आणि दाखल्यावर शिक्का मारला. येणेबाकी निरंक. कळशीच्या सुटकेचं पत्र वेगळं साताऱ्याहून यायचं होतं. ते आणीबाणीत आलं. एक जुलैला दहाला दहा कमी असताना अंजना सांगलीच्या शाळेच्या फाटकात उभी होती, आणि तिच्यासोबत नाथाजी, बिल्ल्यांसकट. फाटकावरच्या रखवालदारानं आधी त्यांनाच सॅल्यूट केला.

त्या सहामाहीत शाखेकडं आलेल्या तक्रारी: एक. (कॅलेंडर मिळाले नाही.) किरकोळ वजावटीबाबत चौकशी: निरंक. वर्षअखेरीस साताऱ्यानं लालासाहेबांचं कौतुक केलं. 'किरकोळ'ची वसुली एका सहामाहीत दुप्पट होऊनही ग्राहकांचा विश्वास अबाधित राहिल्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, आणि ही पद्धत जिल्ह्यातल्या इतर शाखांनी अनुसरावी असं परिपत्रक निघालं. पुढं ते सांगलीतही गेलं. अजून रद्द झाल्याचं ऐकिवात नाही.

अंजना तीन वर्षांनी परिचारिका झाली. पहिला पगार हातात आल्यावर तिनं बँकेला पत्र लिहिलं की उरलेल्या सोळाशे एकोणतीस माणसांचे दोन-दोन पैसे परत करायचे आहेत, तरी कृपया त्यांची नावं आणि पत्ते कळवावेत. बँकेनं उलट टपाली कळवलं की खातेदारांची माहिती गोपनीय असते. आणि हे कळवल्याबद्दल सव्वादोन रुपये कापले.

तेव्हा नाइलाजानं तिचा निरोप इथंच देणं भाग आहे. तुम्ही एक रुपयासाठी एवढं रामायण म्हणून मघापासून हसताय ते ठीक आहे. पण तुमचे दोन पैसे तिच्याकडं आहेत. पुडीत बांधून ठेवलेत. कधीही यावं, आपलं पासबुक दाखवावं, किरकोळच्या ओळीवर बोट ठेवावं आणि घेऊन जावेत.

आजवर कुणी आलेलं नाही.